बगळा छाप, चोच वर

बगळा छापाला नावं ठेवणाऱ्या माणसाला मी ऑटोत बसू देत नाही. हे गंमत म्हणून सांगत नाही. माझा मालवाहू ऑटो आहे. मुडबीहून बसवकल्याणच्या बाजारात तुरीची पोती नेतो आणि परतताना माणसं घेऊन येतो. एकदा हुमनाबादचा एक पाहुणा मागं बसला होता. गप्पांच्या ओघात म्हणाला, "त्या पितळी तुकड्याला अजून मासे फसतात व्हय? आता रबराचे बेडूक मिळतात की." मी ऑटो थांबवला आणि त्याला भर उन्हात खाली उतरवलं. त्याची पिशवीसुद्धा त्यालाच काढून घ्यायला लावली. घरी बायको म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय. लागलंय तर लागलंय.

बगळा छाप म्हणजे मधल्या बोटाएवढा पितळेचा तुकडा. दांडा तोडलेल्या चमच्यासारखा, एक टोक रुंद, दुसरं निमुळतं, दोन्हीकडे भोकं. एका भोकात तीन काट्यांचा गळ, दुसऱ्यात दोरी. पोटावर एका पायावर उभा असलेला बगळा कोरलेला. पाण्यात लांब फेकायचा आणि रिळावर दोरी गुंडाळत ओढत आणायचा. मोठ्या माशाला वाटतं, एखादा बारका मासा चाललाय, आणि तो झडप घालतो. कोलकात्याची एक जुनी कंपनी तो बनवते. आमच्या गावात तो आला तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, आणि आज माझ्या डोक्यावर मोजकेच केस उरलेत. इतक्या वर्षांत चुळकी नाल्याच्या धरणावर मुडबीच्या माणसानं दुसरं काही पाण्यात टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्यात सगळ्यांत मोठे बाबूलाल काका. माझे सख्खे चुलते. शेती करतात, सोयाबीन आणि तूर, पण त्यांना विचाराल तर शेती ही दोन रविवारांच्या मधली वेळ घालवण्याची गोष्ट आहे. त्यांचा मुलगा राजपाल पुण्याला असतो. त्यानं एकदा वडलांसाठी परदेशी बनावटीच्या खोट्या मासोळ्यांची पेटी पाठवली. डोळे असलेल्या, रंगीत, शेपटी हलणाऱ्या मासोळ्या. काकांनी एकेक हातात घेऊन पाहिली, कौतुक केलं, "लई कष्टानं बनवलंय लेकरानी," म्हणाले, आणि पेटी चांगुणाकाकूंच्या हातात दिली. काकू त्यात सुया, बटणं आणि रिळं ठेवतात. मासोळ्या नातवंडांनी आंघोळीच्या बादलीत संपवल्या. हेच काका एकदा बुडालेल्या बाभळीत बगळा अडकला म्हणून कपडे काढून पाण्यात शिरले होते. काकू काठावर उभ्या राहून इतक्या मोठ्यानं त्यांचा उद्धार करत होत्या की त्या दिवशी कुणाच्याच गळाला मासा लागला नाही.

पण मुडबीत बगळा आणला तो बाबूलाल काकांनी नाही. तो आणला अण्णारावांनी, आणि अण्णाराव मासा खात तर नाहीतच, त्याचा वास आला तरी उपरणं नाकाला लावतात. पक्के लिंगायत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय दुकानाचं फळकूट उघडत नाहीत. दुकानात खिळे, दोरखंड, बी-बियाणं, मोटारीचे सुटे भाग. एका वर्षी बीदरहून आलेल्या फिरत्या विक्रेत्यानं नायलॉनच्या दोरीबरोबर बगळ्यांचा एक पुठ्ठा फुकट दिला. अण्णारावांना वाटलं, बैलाच्या गळ्यात बांधायचं काही असेल. बाबूलाल काका दुकानात आले होते, त्यांनी सांगितलं की हे माशासाठी आहे. अण्णारावांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. पण आलेला माल फेकून देणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे.

"दे, दोरी बांधून देतो," अण्णाराव म्हणाले. पुठ्ठ्यामागं बांधायची रीत छापलेली होती, ती बंगालीत आणि इंग्रजीत. दोघांपैकी एकालाही ती वाचता येत नव्हती. अण्णारावांनी बगळा उलटसुलट करून पाहिला आणि रुंद टोकाच्या भोकात दोरी ओवली, निमुळत्या टोकाला गळ. का, तर तिकडून धरलं की चित्रातला बगळा सरळ उभा राहतो, चोच वर आणि पाय खाली. "पाखराला उलटं टांगू नये बाबू," ते म्हणाले. "चित्र असलं म्हणून काय झालं, जीवच हाय की त्यो."

त्या संध्याकाळी काका धरणावरून आले ते हाताएवढी मरळ घेऊनच. झालं. तेव्हापासून मुडबीत पद्धत पडली की नव्या बगळ्याची पहिली गाठ अण्णारावांच्याच हातची. गुण त्यांच्या हाताला आहे. हैदराबादला नोकरीला गेलेली आमची पोरं सुट्टीत येतात तेव्हा घरी चपला काढायच्या आधी दुकानात जाऊन गाठ मारून घेतात. अण्णाराव तोंडानं काहीतरी पुटपुटतात, गाठ आवळतात, दातानं दोरी तोडत नाहीत, कात्रीनं कापतात, आणि हात धुऊन येतात. पुढचं गिऱ्हाईक तोपर्यंत थांबतं.

आणि हे सगळं उलटं होतं, हे आम्हाला गेल्या माघात कळलं.

सांगणारा महेशकुमार. बीदरच्या मैलूरमध्ये राहतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, हे मी आज म्हणू शकतो. तोही आमच्यासारखाच पक्का बगळावाला, आजोबांपासूनचा. बीदर, भालकी, चिंचोळीपर्यंतच्या बगळावाल्यांचा तो दर वर्षी मेळावा भरवतो. फक्त बगळा छाप चालतो, मासा तोलायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. यंदाचा मेळावा आमच्या धरणावर ठरला होता, त्याचं आमंत्रण द्यायला तो दुकानात आला. मी तिथंच होतो, काकाही होते. अण्णाराव कुणाच्या तरी बगळ्याला गाठ मारत होते.

महेशकुमारनं वाकून पाहिलं आणि हसायला लागला.

"अप्पा, ह्ये काय करायलाव? दोरी निमुळत्या टोकाला असती. गळ रुंद टोकाला."

"चोच वर पायजे न," अण्णाराव म्हणाले.

"चोच खालीच असती! बगळा पाण्यात तोंड खुपसून मासा धरतो, म्हणून कंपनीनं तसं काढलंय." त्यानं फोन काढला आणि कंपनीचाच एक व्हिडिओ दाखवला. कंपनीचा गणवेश घातलेला एक म्हातारा कारागीर टेबलावर बगळा ठेवून निमुळत्या टोकाला दोरी बांधत होता. शंकेला जागाच नव्हती. महेशकुमार आमच्याकडं वळून म्हणाला, "इतकी वर्षं तुमी समदे उलटा बांधायलाव? आन् सोताला बगळावाले म्हणता? ह्यो तर बगळ्याचा अपमान हाय."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. पण मला आठवतो तो अण्णारावांचा चेहरा. त्यांनी व्हिडिओ पुन्हा एकदा बघायला मागितला. बघून झाल्यावर फोन दोन्ही हातांनी परत दिला, अर्धवट गाठ सोडवली आणि बगळा गिऱ्हाइकासमोर ठेवून म्हणाले, "दुसऱ्याकडनं बांधून घे अप्पा. मला येत न्हाई."

त्या दिवसापासून त्यांनी गाठ मारणं बंद केलं. बगळ्यांचा पुठ्ठा दर्शनी भागातून काढून आत ठेवला. मेळावा झाला की राहिलेला माल परत पाठवणार आणि पुन्हा मागवणार नाही, असं सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते संध्याकाळी काकांच्या अंगणात आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाबू," ते म्हणाले, "माझ्यामुळं तुझे किती मासे गेले असतील रे?"

"एक बी न्हाई गेला."

"गेले असतील. मी खात न्हाई, मला त्यातलं कळत न्हाई, आन् गावाला शिकवाया निघालो. तू माझ्यावर भरवसा ठेवला. ह्या हातानं तुला फसवलं." आणि अण्णाराव रडले. साठी उलटलेला माणूस, ज्याच्यासमोर आम्ही पोरं असताना आवाज चढवत नव्हतो, तो अंगणात उभा राहून रडत होता. मला महेशकुमारचा राग होताच, आता त्या बगळ्यावरच्या चित्राचाही राग आला.

अण्णारावांनी काकांकडून शब्द घेतला की आता कंपनीच्या रीतीनंच बांधायचं. काकांनी शब्द पाळला. आम्ही सगळ्यांनी पाळला. आणि आमच्या हाती गवत लागलं. खरं सांगतो, नुसतं गवत. कंपनीच्या रीतीनं बांधलेला बगळा सुळकन सरळ येतो, चांगला वेगात. उलटा बांधला की तो रुंद तोंडानं पाणी ढकलत, लोळत, अडखळत येतो, जखमी माशासारखा. नदीच्या वाहत्या पाण्यातले मासे पळत्याच्या मागं लागत असतील. आमच्या धरणाच्या उथळ गवतात राहणारी मरळ भारी आळशी. ती पळणाऱ्याच्या मागं लागत नाही, लंगडणाऱ्याला गिळते. तीन-चार रविवार रिकामे गेल्यावर आम्हाला हे कळलं, तसे आम्ही हसत हसत दुकानात गेलो.

"अण्णा, तुमचीच रीत बरोबर निघाली!" मी म्हणालो.

अण्णारावांनी माझ्याकडं मोठ्या मायेनं पाहिलं. "रत्नपाल, लई गुणाचा हायस. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलायलास. मला कळतंय." काकांनी शपथ घेतली, तरी तेच. आम्ही जितकं सांगू तितकी त्यांची खात्री पटत गेली की अख्खा गाव मिळून आपली समजूत काढतोय. चांगलं वागण्याचा असाही तोटा असतो, हे मला तेव्हा कळलं.

"आता बोलून कायबी व्हणार न्हाई," काका मला बाहेर आल्यावर म्हणाले. "त्येला मेळाव्याला न्यायचं. सोताच्या डोळ्यानं बगू दे."

न्यायचं कसं हा प्रश्न होता, कारण अण्णाराव जन्मात कधी मासे धरण्याच्या जागी गेले नव्हते. तो चांगुणाकाकूंनी सोडवला. मेळाव्याच्या सकाळी त्या थेट अण्णारावांच्या घरी गेल्या आणि त्यांच्या बायकोला, ईरम्माला म्हणाल्या, "अक्का, तुमच्या मालकांना पाठवा. आज यांचा शेवटचा बगळा हाय, उद्यापास्नं मिळणार न्हाई म्हणतेत. इकणाऱ्यानं एकदा तरी यायला नको का?" ईरम्माला नवऱ्याचं गेले काही दिवस जेवणात लक्ष नव्हतं ते दिसत होतंच. तिनं स्वतः त्यांच्या हातात टोपी दिली. अण्णाराव माझ्या ऑटोत पुढं बसले.

पाणी उतरलं होतं, काठाला ओल्या मातीचा पट्टा आणि पुढं गवताची बेटं. मैलूरची मंडळी, चिंचोळीची मंडळी, तंबू, तराजू, चहाचा डबा. सगळ्यांच्या काठ्यांना बगळा, सगळ्यांचा चोच खाली. आमच्या मुडबीवाल्यांचे तेवढे चोच वर. काकांनी अण्णारावांना दिलेला शब्द त्यांच्यासमोरच परत मागून घेतला होता. लोक पाहून जात होते, कुणी हसत होतं. मी दात आवळून उभा होतो.

काकांनी पहिल्या तासातच चांगली दणकट मरळ काढली. आम्ही ओरडलो, मी तर टोपी उडवली आणि ती पाण्यात पडली. मी अण्णारावांकडं धावत गेलो. "बगितलं का?"

अण्णारावांच्या आधी महेशकुमारच बोलला. "काकांचं काय सांगता? काका चपलेचा पट्टा बांधून टाकले तरी मासा येईल. त्यो हात काकांचा हाय."

"खरं हाय," अण्णाराव म्हणाले. "बाबूचा हात हाय त्यो."

मला दोघांनाही पाण्यात ढकलावंसं वाटलं. एवढा मासा समोर तडफडतोय, तोलला जातोय, आणि हे दोघे एकमेकांना दुजोरा देताहेत! पण त्यात खोट काढायला जागा नव्हती. काका कशानंही मासा काढतात हे आम्हीच गावभर सांगत आलो होतो. मी काढला असता तरी तेच म्हणाले असते.

तेवढ्यात चांगुणाकाकू उठल्या. त्या सावलीत बसून शेंगा सोलत होत्या. पदराला हात पुसत त्या काकांजवळ गेल्या, त्यांच्या हातातून काठी घेतली आणि अण्णारावांसमोर धरली.

"ज्येला हातच न्हाई, त्येनं टाकावं," काकू म्हणाल्या. "मंग कुणी म्हणंना, हाताचा गुण हाय म्हणून."

अण्णाराव दोन पावलं मागं सरले. "अक्का, मी? मी लिंग बांधलेला माणूस. जीव कसा धरू?"

"धरून सोडायचाच हाय न्हवं का? मारायचं कुणाला सांगायलंय? तुमी एवढी वर्षं गाठ बांधून दिली तवा धरणारा मारतच व्हता. आज तर सोडायचाय."

अण्णारावांनी काठी हातात घेतली. महेशकुमारनंही मान डोलावली. त्याला हे पटलं, आणि मला वाटतं त्याला त्यात मजाही वाटली. तो म्हणाला, "आधी माझ्या रीतीनं बांधून टाका अप्पा, मंग तुमच्या. काठी तीच, बगळा त्योच, जागा तीच." एवढं रास्त बोलल्यावर मलासुद्धा त्याच्याशी भांडता येईना.

त्यानं स्वतः गळ रुंद टोकाला लावून निमुळत्या टोकाला दोरी बांधून दिली. काकांनी काठी कशी धरायची, रीळ कसं फिरवायचं ते सांगितलं आणि हात मागं घेतले, कारण मदत करायची नाही असं ठरलं होतं. अण्णारावांनी धोतर खोचलं. पहिल्या फेकीला बगळा मागं जाऊन तंबूच्या दोरीत अडकला. दुसऱ्या फेकीला माझ्या सदऱ्यात. तिसरी पाण्यात गेली, पण काठापासून दोन-चार हातांवरच. लोक हसायला लागले आणि अण्णारावांचे कान लाल झाले. तरी माणूस हटला नाही. फेकत राहिला, ओढत राहिला. बगळा सरळ सुळकन येत होता, गवत घेऊन. बराच वेळ गेला, एकही ओढ लागली नाही.

"आता तुमच्या रीतीनं," महेशकुमार म्हणाला.

अण्णारावांनी दोरी सोडवली, गळ काढून दुसऱ्या टोकाला लावला. बगळा तळहातावर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले. मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. मला समजत होतं की हा माणूस मासा लागेल की नाही याला घाबरलेला नाही. मासा लागला नाही तर आपण आयुष्यभर मित्राला फसवलं हे सगळ्यांदेखत पक्कं होणार, याला घाबरला होता. इतके दिवस निदान गाव आपली समजूत तरी घालतोय, असं त्यांना वाटत होतं. आता तेही उरणार नव्हतं.

"बांध अण्णा," काका हळूच म्हणाले. "तुझी गाठ हाय. बांध."

अण्णारावांनी चोच वर केली आणि गाठ मारली. सवयीनं काहीतरी पुटपुटले. कात्री नव्हती, काकूंनी कनवटीचा अडकित्ता दिला, त्यानं दोरी कापली. मग हात धुवायला पाण्याकडं गेले, गेले ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि तिथूनच फेकला.

फेक वाईटच होती. बगळा गवताच्या कडेला कसाबसा पडला. अण्णाराव रीळ फिरवू लागले, हळू हळू, कारण त्यांना वेगात फिरवता येतच नव्हतं. बगळा लोळत, लंगडत येऊ लागला. पितळ एकदा चमकलं, एकदा बुडालं.

आणि गवत फाटलं.

दुसरा शब्द मला सुचत नाही. पाणी उसळलं, काठी धनुष्यासारखी वाकली आणि अण्णाराव एक पाऊल पुढं ओढले गेले. "बाबू!" ते ओरडले. "बाबू, ह्ये काय झालं?"

"सोडू नको!" काका ओरडले. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, काठीला लागू नयेत म्हणून. "सोडू नको, पळू दे, मंग गुंडाळ!"

"कसं पळू देऊ?"

"दोरी दे! ढिली! आता वड! वड म्हनलं न!"

मी चिखलात उड्या मारत होतो. काकू अण्णारावांशी एकेरीवर आल्या होत्या, "अरं वड की भाड्या!" म्हणत होत्या, आणि अण्णाराव "वडतोय अक्का, वडतोय!" म्हणत होते. चिंचोळीची माणसं स्वतःच्या काठ्या टाकून आली. मरळ एकदा गवतात शिरली, आम्हाला वाटलं गेली. अण्णाराव कन्नडमध्ये कुणाची तरी विनवणी करायला लागले, माशाची की शरणसंतांची ते कळलं नाही. मग ती बाहेर आली. टोपी कधीच पडली होती, विभूती घामानं ओघळून नाकावर आली होती, आणि ते मागं मागं सरत, घसरत, बसत, पुन्हा उठत तिला काठाला घेऊन आले. महेशकुमारच जाळं घेऊन पाण्यात शिरला आणि त्यानंच ती उचलली.

मी इतकी वर्षं धरणावर जातोय. तशी मरळ मी क्वचितच पाहिली आहे. काळी, जाड, डोकं माझ्या मुठीपेक्षा मोठं. तोंडात बगळा, चोच वर. तराजूत टाकली तेव्हा काटा काकांच्या माशाला मागं टाकून पुढं गेला आणि महेशकुमारच्या सकाळच्या माशालाही. त्या दिवशी तिला कुणी गाठू शकलं नाही.

मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही. काकांनी अण्णारावांना मिठी मारली आणि दोघे तसेच चिखलात बसले. "आता सांग," काका म्हणत होते, "आता सांग मला, कुणी फसवलं? सांग की!" अण्णाराव नुसती मान हलवत होते आणि हसत होते. त्या दीड महिन्यात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मासा सोडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, मीच सोडणार. ज्यांनी माशाला कधी बोट लावलं नव्हतं त्यांनी ती थंड, बुळबुळीत मरळ दोन्ही हातांनी धरली, पाण्यात टेकवली, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत वाकून उभे राहिले. "जा माय," म्हणाले. "तुझे लई उपकार झाले." ती गेल्यावर त्यांनी हात धुतले नाहीत. धोतराला पुसले.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "नशीब हाय बगा म्हाताऱ्याचं. नवख्याला लागतो एकांदा."

मी त्या दिशेनं निघालोच होतो. पण माझ्याआधी अण्णाराव वळले. त्यांना असं रागावलेलं मी दुकानातही पाहिलं नव्हतं, उधारी बुडवणाऱ्यावरसुद्धा नाही.

"नशीब?" ते म्हणाले. "कोण म्हनलं नशीब? ह्ये माझं हाय! माझी चूक हाय ही, आन् मुडबीत ती अशीच चालणार!"

आम्ही मुडबीवाले असे ओरडलो की पलीकडच्या काठावरची गुरं उधळली. महेशकुमार आपल्या तंबूत गेला, स्वतःची काठी घेऊन आला, दोरी सोडवली आणि बगळा अण्णारावांच्या पुढं धरला. त्याच्या मागं चिंचोळीचा एकजण येऊन उभा राहिला, मग भालकीचे दोघं. बघता बघता रांग लागली. अण्णारावांनी रांगेकडं पाहिलं, मग पाण्याकडं पाहिलं.

"जरा थांबा," ते म्हणाले, आणि पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरले.

"अण्णा, लोक थांबलेत," काका म्हणाले. "आन् माझी काठी दे. मला टाकायचंय."

अण्णाराव वळलेसुद्धा नाहीत. "तू उद्या टाक बाबू," ते म्हणाले, आणि बगळा गवताच्या दिशेनं भिरकावला. या वेळी तो बराच लांब गेला.